एकशे पंचवीसचा चोक आणि बेचाळीस कोऱ्या ओळी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या गावच्या नगराध्यक्षा माननीय किंगा बार्तालबाई, वनसंशोधन केंद्रातून एवढा प्रवास करून आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टर सेपेशी, व्यासपीठावरची इतर मान्यवर मंडळी, शाळेचे शिक्षक, आजी-माजी विद्यार्थी, मोग्योरोशच्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, आणि ज्यांना निरोप देण्यासाठी आपण सगळे इथे जमलो त्या आपल्या डालोशबाई, सर्वांना माझा आदरपूर्वक नमस्कार.

मी व्हेंडेल बेन्के. नगरपालिकेत पस्तीस वर्षं दिवाबत्तीचं काम केलं. शिक्षण आठवीपर्यंत. माइकसमोर उभा राहण्याची ही पहिलीच वेळ. माइक दुरुस्त मात्र पुष्कळ केलेत. आवाज मागपर्यंत येतोय ना? येत नसेल तर हात वर करा. आणि वरची ती तिसरी ट्यूब गुणगुणतेय, तिचा चोक सैल झालाय. कुणी घाबरू नका, पडणार नाही. बहुतेक पडणार नाही. पण तिच्याखाली बसलेल्यांनी जरा सरकून बसलं तर माझं लक्ष बोलण्यात राहील.

बायको पहिल्या रांगेतून खुणावतेय की मुद्द्यावर या. येतो, बोरिश्का.

मघाशी अध्यक्षांनी मानपत्र वाचलं. काय सुंदर भाषा! आपण टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण एका ओळीपाशी माझे हात थांबले. ती ओळ अशी आहे, मी लिहून घेतलीय: ‘सन दोन हजार तीनमधील निरीक्षकाच्या निष्काळजीपणामुळे कोऱ्या राहिलेल्या बेचाळीस दिवसांचा एकमेव अपवाद वगळता, एक्केचाळीस वर्षे अखंड नोंद.’ मानपत्र लिहिणाऱ्या कारकुनाचा दोष नाही, केंद्राच्या कागदावर होतं तसं त्याने उतरवलं. केंद्राचाही दोष नाही, निरीक्षक म्हणजे बाईच, आणि त्यांनीच तसं लिहून पाठवलं होतं. पण ती ओळ खोटी आहे. आता ती चौकटीत बसून बाईंच्या घरी भिंतीवर लागणार. ती काढून टाकावी, एवढं मागण्यासाठी मी उभा राहिलोय. निष्काळजीपणा माझा होता.

झालं, बोललो. आता खाली बसलो तरी चालेल, पण मग तुम्ही म्हणाल, म्हातारा काय बरळून गेला. म्हणून पहिल्यापासून सांगतो. बाहेर टेबलावर पोगाचाचे खारे पाव थंड होताहेत हे मला ठाऊक आहे. फार लांबवत नाही.

शाळेच्या मागे, बाग संपते आणि ओकचं जंगल सुरू होतं तिथे एक खांब आहे. त्यावर पत्र्याची टोपी, टोपीखाली पाऱ्याचा दिवा, दिव्याखाली नरसाळं आणि नरसाळ्याखाली बरणी. तुमच्यातल्या प्रत्येकाने लहानपणी त्यावर दगड मारलाय. मार्च ते नोव्हेंबर रोज संध्याकाळी तो दिवा लागतो. जंगलातले पतंग त्याच्याकडे येतात आणि बरणीत पडतात. सकाळी सहाला, शाळा भरायच्या आधी, बाई बरणी काढून पतंग मोजतात. कुठली जात, किती नग. सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरपासून. कुठल्या पतंगाची संख्या वाढली की पुढच्या वसंतात त्याच्या अळ्या ओकची पानं फस्त करणार, हे त्या आकड्यांवरून केंद्राला आधी कळतं. आपलं जंगल अजून हिरवं उभं आहे ते कशामुळे, हा विचार आपण कधी केला का? मी तरी केला नव्हता.

एक्क्याऐंशी साली बाई पहिल्यांदा आमच्या भांडारात आल्या. हातात बाजाराची पिशवी, पिशवीत जळका चोक. तरुण बाई, आणि पिशवीच्या वजनाने एका अंगाला कललेल्या.

म्हणाल्या, “हा आज पहाटेपासून गुणगुणत नाही.”

मी म्हटलं, “मॅडम, लोक तक्रार करतात ती गुणगुणतो म्हणून.”

“तो गुणगुणला नाही तर मला झोप लागत नाही. आणि आज संध्याकाळी दिवा लागलाच पाहिजे.”

“उद्या बघू की. एका दिवसाने काय पतंग मरताहेत?”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “एका दिवसाने नोंद मरते.”

मी दिला चोक. तेव्हा भांडारात फळीभर होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाऱ्याचा दिवा म्हणजे उधळणारा घोडा. सरळ विजेवर जोडला तर तो मिळेल तेवढी वीज ओढत सुटतो आणि क्षणात फुटतो. चोक हा त्याचा लगाम. लोखंड आणि तांब्याची तार, दुसरं काही नाही. पण लगाम त्या घोड्याच्या मापाचा हवा. एकशे पंचवीस वॅटच्या दिव्याला एकशे पंचवीसचाच चोक. मोठा लावला तर दिवा लवकर जळतो. लहान लावला तर दिवा लागतो, पण मरगळलेला. बघणाऱ्याला फरक कळतही नाही.

तो चोक बसवायला मीच गेलो होतो. दिवा लागायला चार-पाच मिनिटं घेतो, हे मला ठाऊकच होतं. आधी गुलाबी, मग निळसर, मग पांढरा फटफटीत. शिडी आवरत होतो तेवढ्यात बाई म्हणाल्या, “थांबा जरा.” थांबलो. जंगलाच्या बाजूने हवेत काहीतरी हललं. आधी दोन-चार, मग मोजता येईनात. आणि त्यातून तळहाताएवढा एक पतंग आला, पंखांवर चार डोळे असलेला, आणि माझ्या बाहीवर बसला. मंडळी, मी तोवर या गावात चारशे दिवे लावले होते. मला वाटायचं, दिवे मी माणसांसाठी लावतो. त्या बाहीकडे बघताना शिडी आवरायचीच राहिली. सगळं जंगल ज्याच्याकडे बघत बसतं असं काहीतरी मी रोज खांबावर टांगत होतो, आणि मला पत्ताच नव्हता!

बाईंनी तो पतंग अलगद उचलून झाडावर सोडला. “याला बरणीत नाही टाकायचं,” म्हणाल्या, “हा पाहुणा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पान्हा राहिला म्हणून परत गेलो, तर बाई पांढऱ्या कागदावर बरणी उपडी करत होत्या. मोजायच्या आधी त्या मेलेल्या पतंगांकडे बघून हळूच म्हणाल्या, “क्षमा असावी.” मग मोजायला लागल्या. त्या दिवशी एक हजार एकशे सत्तेचाळीस निघाले, त्र्याण्णव जातींचे. मला तोवर दोनच जाती ठाऊक होत्या, लोकर खाणारे आणि न खाणारे. ही गोष्ट बोरिश्काला सांगितली तर ती म्हणाली, “बाईंना सांग, आमच्या कपाटात या, तिथेही मोजा.”

असं पुष्कळ वर्षं चाललं. दोन हजार दोनच्या शाळेच्या वार्षिक समारंभात बाईंनी याच सभागृहात, याच व्यासपीठावरून माझी ओळख करून दिली. “हे माझे सहकारी, श्री. बेन्के.” सहकारी! आठवी शिकलेला माणूस! त्या दिवसापासून मी दाढी रोज करायला लागलो. हे सांगायचं कारण पुढे येईल.

आता त्या वर्षाकडे येतो. दोन हजार तीन, अकरा जूनची पहाट. वीज पडली आणि चोक गेला. तोवर गावातले सगळे पाऱ्याचे दिवे काढून पिवळे सोडियमचे बसवले होते आणि जुने चोक भंगारात गेले होते. भांडारात एकच उरला होता, हिरव्या रंगात बुडालेला. जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी वरून कुणी मोठा साहेब येणार म्हटलं की आमचे मुकादम सगळं हिरवं रंगवायचे. खांब, कुंपण, शिडी, समोर येईल ते. एकदा त्यांनी माझी सायकल रंगवली होती. तसा तो चोकही रंगवलेला, लोखंडी पट्टीवर बसवलेला. लेबल रंगाखाली.

कुणीही शहाणा माणूस काय करेल? रंग खरवडून लेबल वाचेल. मी काय केलं? चोक हातात घेतला, जरा उचलून पाहिला आणि म्हटलं, एकशे पंचवीस. कारण माझ्या हाताला वजन कळतं असा माझा लौकिक होता. तो लौकिक मीच पसरवला होता. पट्टीचं वजन त्यात आहे हे डोक्यातही आलं नाही. अकरा तारखेला संध्याकाळच्या आत चोक बसवला, दिवा लागला. एकही दिवस बुडाला नाही म्हणून मी घरी जाऊन दोन ग्लास वाइन प्यालो.

आठवड्याने बाई आल्या. “व्हेंडेल, तो चोक एकशे पंचवीसचाच ना?”

“बाई, माझा हात चुकत नाही.”

“लहान पतंग येताहेत. लांबून येणारे मोठे येत नाहीत. गुणगुणही वेगळी आहे.”

“यंदा पतंगच कमी असतील.”

“शेजारच्या गावच्या सापळ्यात तेवढेच आहेत,” एवढं म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन गेलो. बाई वर्गात होत्या. रंग खरवडला. ऐंशी. ऐंशी वॅटचा चोक! मंडळी, शिडीवर उभ्या उभ्या मी खांबाला मिठी मारली. सातवीची मुलं खिडकीतून बघत होती. कुणीतरी ओरडलं, “बेन्केकाका खांबाशी लग्न करताहेत!” तो मुलगा आज नगरपालिकेचा सदस्य आहे. नाव घेत नाही. तोंड लपवू नकोस रे.

आता खरी गोष्ट. परत आठवडा गेला, आणि बाईंनी परत विचारलं, “व्हेंडेल, खरंच तोच आहे?” मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, “तोच आहे.” पहिली चूक होती. ही लबाडी होती. सहकारी म्हणाल्या होत्या ना. मला वाटलं, हे कळलं तर तो शब्द परत घेतील.

त्या शाळेकडे वळल्या. आणि मी चोक शोधायला निघालो.

बंद पडलेल्या वीटभट्टीत गेलो. तिथले चोक उंदरांनी घरं करून सोडलेले. रेल्वेच्या यार्डात अडीचशेचे होते, फुटबॉलच्या मैदानावर चारशेचे. रोज काम संपलं की सायकल काढायची. बोरिश्का विचारायची, “कुठली बाई ठेवलीयस, तिचा पत्ता तरी दे, जेवण तिकडेच पाठवते.” भंगारवाल्या गाश्पारकडे गेलो तर त्याने एक चोक पुढे केला. मी आनंदाने हातात घेतला, तर पिसासारखा हलका.

“हा असा का?”

“तांबं काढून घेतलं ना, काका. आता नुसती कवटी आहे.”

“अरे माणसा, आतलं काढलंस तर बाहेरचं काय पुजायचं?”

“लोखंडाच्या भावाने देतो की.”

सोडियमच्या शंभरच्या दिव्याचा चोक जवळपास त्याच मापाचा असतो, एक पूर्णांक दोन अँपिअर. तो घरी जोडूनही पाहिला. दिवा छान लागला. मीटरवर फरक अगदी थोडा. बोरिश्का म्हणाली, “लागला ना? मग लाव आणि जेवायला बस.” पूर्वीचा मी असतो तर लावला असता. पण मला ते त्र्याण्णव जातींचे पतंग दिसायला लागले. मीटरला न कळणारा फरक ज्यांना कळतो, त्यांच्यापुढे ‘जवळपास’ घेऊन कसा जाऊ?

शोधाच्या चौथ्या आठवड्यात असाच हात हलवत परत येत होतो. दफनभूमीच्या फाटकापाशी सायकलची साखळी पडली. खाली वाकलो, आणि कानावर गुणगुण आली. तशीच. बाईंच्या खांबावरची. वर बघितलं. फाटकावरचा दिवा पाऱ्याचा! गावातले सगळे बदलले, हा तेवढा बदलायचा राहून गेला होता. मेलेल्यांनी तक्रार केली नव्हती ना. बाईंचा पहिला चोक ज्या खेपेतला, त्याच खेपेतला हा, माझ्याच हाताने लावलेला. तेवीस जुलैला तो काढला, लेबल तीन वेळा वाचलं, आणि फाटकावर सोडियमचा पूर्ण संच बसवला. संध्याकाळी बाईंच्या खांबावर तो चोक लागला. चोवीसच्या सकाळी बाई रस्त्यात भेटल्या. “काल भरपूर आले,” एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, सुटलो.

कसला सुटतोय. एक नोव्हेंबरला रिवाजाप्रमाणे सगळं गाव मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत गेलं, आणि फाटकाशीच रोझालीमावशीने मला सगळ्यांसमोर गाठलं. “का रे व्हेंडेल, आमच्या मेलेल्यांना कावीळ झाली का?” सगळे हसले. बाई तिथेच होत्या. त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं आणि मेणबत्ती घेऊन आत गेल्या.

सोळा वर्षं मला वाटत होतं, ते बेचाळीस दिवसांचे खोटे आकडे केंद्राच्या तक्त्यात बसलेत आणि ते फक्त मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात डॉक्टर सेपेशी शाळेत आले होते, तेव्हा मी घाबरत घाबरत विचारलं, दोन हजार तीनच्या जुलैत किती पतंग होते हो? ते म्हणाले, “तिथे काहीच नाही. बेचाळीस ओळी कोऱ्या आहेत. एवढ्या वर्षांत तेवढंच एक खिंडार. निरीक्षकाचा निष्काळजीपणा, असं बाईंनी स्वतः लिहून दिलंय.”

मंडळी, जरा विचार करा. ज्या बाई एका दिवसाची नोंद मरू नये म्हणून दोन किलो लोखंड पिशवीतून घेऊन आल्या, त्यांनी स्वतःच्या हाताने बेचाळीस दिवस कोरे सोडले. खोटा आकडा पाठवला नाही. आणि दोष कुणाचा, तर स्वतःचा. असं माणूस कसं करू शकतं? मी महिनाभर विचार करतोय. मला झोप नाही. बोरिश्का म्हणाली, “तू सांगणारेस, की मी उठून सांगू?”

म्हणून माननीय अध्यक्षांना विनंती आहे की ती ओळ खोडावी आणि तिथे लिहावं, दिवाबत्तीवाल्या बेन्केच्या चुकीमुळे आणि त्याच्या खोट्या बोलण्यामुळे. चौकट उघडायला स्क्रूड्रायव्हर मी बरोबर आणलाय. हा बघा. हसू नका, मागच्या बाजूला चारच स्क्रू आहेत.

काय म्हणता, बाई? मी... हो. बाई म्हणताहेत, आधी ही वही वाच. ही त्यांची घरची वही, आज केंद्राला देणार आहेत ती. थांबा, चष्मा. बोरिश्का, चष्मा तुझ्याकडे आहे का? माझ्या डोक्यावर आहे, बरं.

दोन हजार तीन. अकरा जून. आकडे आहेत, सगळे आहेत, पण पेन्सिलने गोल केलेत. समासात लिहिलंय, ‘चोक दुसरा असावा. आकडे धरू नयेत.’ पुढे सव्वीस जून. ‘व्हेंडेलला विचारले. तोच आहे म्हणाला. कान लाल.’

तेवीस जुलै. ‘आज संध्याकाळी गुणगुण पूर्वीची. कुठून तरी शोधून आणला. चार आठवडे सायकलवर होता, बोरिश्काकडून कळले. त्याला विचारू नये.’

आणि हे... एक नोव्हेंबर. त्या दिवशी पतंग तीनच. ‘दफनभूमीच्या फाटकावर पिवळा दिवा. आता कळले कुठून आणला.’

बोरिश्का, तू बाईंना सांगितलं होतंस? सोळा वर्षं?

ती म्हणतेय, “तू मला तरी कुठे विचारलंस?”

पाणी मिळेल का जरा.

अध्यक्षांनी मान हलवलीय, ओळ बदलू म्हणताहेत. आभारी आहे. बाई नको नको म्हणताहेत, पण ते आज कुणी ऐकू नका. आज तेवढं त्यांच्या मनाविरुद्ध होऊ द्या.

एक काम उरलं. उद्यापासून सकाळी सहाला बरणी चेंगेबाई काढणार, शाळेच्या नव्या जीवशास्त्राच्या शिक्षिका. त्यांच्यासाठी ही पिशवी. सांभाळून, जड आहे. दोन चोक आहेत, एकशे पंचवीसचे. गेली काही वर्षं मी जमवून ठेवलेत, कारण आता हे बनत नाहीत आणि दिवेही बनत नाहीत. दिवेही आहेत माझ्याकडे, अकरा, कापसात गुंडाळलेले. चोकवरचा रंग मी पूर्ण खरवडलाय, लेबल स्वच्छ वाचता येतं. चेंगेबाई, एवढं ऐका: हातात धरून वजन करू नका. वाचा. आणि मी सांगितलं तरी स्वतः वाचा.

अध्यक्षांनी वेळ दिला, डॉक्टर लांबून आले, तुम्ही सगळ्यांनी थंड पोगाचांची पर्वा न करता ऐकून घेतलं, त्या तिसऱ्या ट्यूबखालची मंडळी तर जागचीही हलली नाहीत, सर्वांचे मनापासून आभार. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, मान राखायचा राहिला असेल, तर माझं शिक्षण बघून पोटात घाला.

आणि डालोशबाई, तुम्ही एक्केचाळीस वर्षं रोज सकाळी मोजायला बसण्याआधी जे दोन शब्द म्हणत आलात, ते मी सोळा वर्षं उशिराने, मोजून झाल्यावर म्हणतो.

क्षमा असावी.